लाल नाही, पण वेळेवर

दुपारी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला न्यायला निघालो, तर चपलेखाली काहीतरी बुळबुळीत आलं. कालचं फूल. हे झाड फुलाची पाकळी पाकळी करून टाकत नाही. दिवस संपला की छत्रीसारखं घट्ट मिटवतं आणि अख्खी गुंडाळी खाली सोडतं. ऑगस्टात आमच्या ड्राइव्हवेवर या गुंडाळ्यांचा सडा पडतो. म्हणजे गणपती जवळ आले.

न्यू जर्सीत याला रोझ ऑफ शेरॉन म्हणतात. जास्वंदीची चुलत बहीण. पाच पाकळ्या, मधून पुढे आलेला परागाचा दांडा, सगळं घराण्यातलं. रंग तेवढा फिकट जांभळा. लाल आहे, पण पार आत, देठाशी, कुंकवाचं बोट लागावं इतकंच. आईला पहिल्यांदा व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. पण गणपतीला काय वाहणार?"

खरी लाल जास्वंद इथल्या बऱ्याच मराठी घरांत असते, पण कुंडीत, आणि बिचारी कायम आजारी. थंडी सुरू झाली की घरात, खिडकीशी. मग पांढरी माशी, चिकट पानं, साबणाच्या पाण्याचे फवारे. मे महिन्यात पुन्हा बाहेर. एवढं करून ऐन चतुर्थीला ती एक कळी धरते आणि दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीच्या आसपास केव्हातरी, सवडीने उघडते. कुंपणाजवळची ही चुलत बहीण मात्र बर्फात उभी राहते आणि फुलते ती बरोबर श्रावण-भाद्रपदात.

फार करावं लागत नाही. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर निर्धास्त छाटायचं. फांदीवर दोन-तीन डोळे ठेवले तर फुलं मोठी येतात. मग मात्र धीर धरायचा. एप्रिलमध्ये सगळ्या गल्लीतल्या चेरी फुलून गळून जातात आणि आमच्याकडे नुसत्या काटक्या. आलागेला प्रत्येक जण "मेलं वाटतं" म्हणून जातो. मी नखाने साल खरवडून बघतो, खाली हिरवं असतं. असणार हे ठाऊक असतं, तरी खरवडतो.

जून-जुलैत जपानी भुंगेरे येतात. हिरवे, तांब्याच्या पंखांचे, दिसायला दागिनाच, पण पाकळ्यांची चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकायचे. अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा सापडला तो आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनला, 1916 साली. आम्हा बाहेरून आलेल्यांत हा बराच ज्येष्ठ.

साताऱ्याला आमच्या वाड्यामागे विहिरीशेजारी लाल जास्वंद होती. आजी दिवेलागणीच्या आधी उद्याच्या कळ्या खुडून ताम्हणात पाण्यात ठेवायची. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपतं. सकाळी ताम्हणात फुलं उमललेली असत. खरं कारण पहाटे फिरायला जाणारे गृहस्थ. पांढरं धोतर, काखेत पिशवी आणि हातात आकडा बांधलेली काठी. एकाला आजीने फांदी ओढताना धरलं. तो म्हणाला, "देवासाठीच नेतोय, आजी." आजी म्हणाली, "मग देवाला सांगा, तुमच्या दारात लावून घे." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. फक्त जरा लवकर.

इथे फुलं कुणी चोरत नाही. हे मला जरा लागतंच. एवढं भरलेलं झाड, अर्ध्या फांद्या रस्त्यावर, आणि लोक नुसतं "ब्यूटिफुल" म्हणून पुढे जातात. खालची पालवी हरणं खातात, पण त्यांना देवाचं काही नाही.

पंचांगाचं मात्र जपून राहावं लागतं. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आले, झाड ऐन भरात होतं. एकवीस फुलं तोडली तरी कळलं नाही. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि चतुर्थी गेली 19 सप्टेंबरला. तोवर फुलं कमी आणि बोंडंच जास्त. त्या बोंडांतून बी पडतं आणि पुढच्या वर्षी झाडाखाली रोपांचं रान माजतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड इगॉल्फ यांनी 'डायना' म्हणून पांढरं वाण काढलं आहे, ते बी जवळजवळ धरतच नाही आणि फूल रात्रीही उघडं राहतं. सोयीचं आहे. पण मला मिटणारंच बरं वाटतं. शिवाय रोपं वाटायला मिळतात.

तसंच एक रोप शेजारच्या कोरियन आजींना द्यायला गेलो, तर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. हे त्यांच्याकडचं राष्ट्रीय फूल, राष्ट्रगीताच्या ध्रुवपदातलं. एक फूल एका दिवसाचं, पण झाड शंभरेक दिवस थांबत नाही, याचं त्यांना कोण कौतुक! मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बराच वेळ सांगत होत्या.

मी मान डोलावत राहिलो. दर भाद्रपदात त्यांचं राष्ट्रीय फूल मी डझनावारी तोडून गणपतीच्या पायाशी घालतो, हे त्यांना चालेल का, विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. नको म्हणाल्या असत्या तर पुन्हा त्या कुंडीतल्या जास्वंदीची मनधरणी करावी लागली असती.