ट्रॅक्सलरचा डाव आणि दोन क्लेम

नाशिकमधली बुद्धिबळ स्पर्धा, मी पंच. वेळ ९० मिनिटं, दर चालीला ३० सेकंदांची भर. म्हणजे शेवटपर्यंत चाली लिहिणं सक्तीचं. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या या गावात मुलांच्या ओपनिंग (डावाच्या ठरलेल्या सुरुवाती) तोंडपाठ असतात, नियम मात्र नाहीत.

एका पटावर टू नाइट्स डिफेन्स ही ओपनिंग. पांढऱ्याचा घोडा जी५ वर, डोळा एफ७ वर. काळ्यानं बचाव न करता उंट सी५ वर ठेवला. ट्रॅक्सलर! (हा बोहेमियातला पाद्री, त्याचा डाव १८९० चा.) घोड्यानं एफ७ मारलं, उंटानं एफ२ वर बळी दिला, राजानं तो घेतला, घोड्याचा ई४ वर शह, राजा जी१, वजीर एच४. एफ२ वर मात दिसत होती म्हणून जी३. घोड्यानं तेही प्यादं मारलं. पांढऱ्यानं एच८ चा हत्ती घेतला, तर दुसरा घोडा डी४ वर. या घोड्यामुळे ई२ बंद, आणि वजीर एफ३ वर आडवा आलाच तर मारला जातो. एच-प्याद्यानं जी३ वरचा घोडा घेतला, वजिरानं ते प्यादं घेऊन शह दिला: दहावी चाल. मग राजा एफ१, वजीर एफ४, राजा जी१, वजीर जी३, पुन्हा तेच.

तेराव्या चालीला काळ्यानं 'वजीर एफ४' लिहून घड्याळ थांबवलं. "सर, इतके शह झाले, ड्रॉ." शह नाही, स्थिती मोजायची: पटावर तीच स्थिती तीनदा यायला हवी, ही आली ११ आणि १३ व्या चालीला, दोनदाच. क्लेम फेटाळला, प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा, आणि लिहिलेली चाल खेळणं भाग.

चौदाव्या चालीला वजीर जी३ वर खेळून त्यानं घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. ही स्थिती १०, १२, १४ अशी तिसऱ्यांदा आली होती, पण मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क संपतो. आता क्लेम पांढऱ्यानंच करायचा, आणि हत्ती, उंट, घोडा जास्त असताना तो कशाला करेल? त्याला मात्र राजा एफ१ वर नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती स्थिती ११, १३, १५! आणि चाल काळ्याची. आता काही न लिहिता थेट क्लेम. घड्याळं थांबवून, दोन्ही स्कोअरशीट (चाली लिहिलेले कागद) ताडून, दुसऱ्या पटावर डाव लावून पाहिला. अर्धा-अर्धा गुण.

पांढऱ्याचा कोच बाहेर पोराला सांगत होता, "घोड्यानं नाही, उंटानं एफ७ घे, राजा ई७ वर आला की उंट बी३. एक प्यादं जास्त, आणि त्याचं कॅसलिंग (राजा-हत्तीची जोडचाल) गेलं."