तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तरं ठरलेली असताना अभ्यास कसला?

मी ख्रिस्ती धर्मशास्त्र वाचते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. 'तिथे उत्तरं आधीच ठरलेली असतात, मग त्यात अभ्यास कसला?' काहीजण तो टोचून विचारतात, पण पुष्कळांना खरंच जाणून घ्यायचं असतं. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

आधी तेराव्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याचं एक पान बघा. 'सुम्मा थिओलोजिए' हा ग्रंथ त्यानं १२६५च्या सुमारास लिहायला घेतला. त्याच्या पहिल्या भागात, दुसऱ्याच प्रश्नाखाली, देव आहे का हा मुद्दा येतो आणि सुरुवात होते ती 'देव नाही असं दिसतं' इथून. कारणं दोन. देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा असेल तर जगात वाईट उरायलाच नको होतं. पण ते आहे. शिवाय निसर्गात घडतं त्याचा उलगडा निसर्गाच्या नियमांनी होतो, माणूस करतो त्याचा त्याच्या बुद्धीनं आणि इच्छेनं; मग देव मानायची गरज काय? आजचा नास्तिक याहून फार वेगळं काय म्हणतो? हा पूर्वपक्ष पुरता मांडून झाल्यावरच थॉमस स्वतःचं मत सांगतो आणि शेवटी एकेका आक्षेपाकडे वळतो. अख्खा ग्रंथ असाच चालतो. त्याची उत्तरं मला दर वेळी पटतात असं नाही. पण समोरच्याचं म्हणणं इतक्या थोडक्यात आणि इतक्या ताकदीनं मांडणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत.

ही रीत एकट्या थॉमसची नव्हे, त्या काळच्या विद्यापीठांतल्या वादसभांची. त्याच्या शतकभर आधी पीटर आबेलार या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञानं १५८ प्रश्न घेतले, प्रत्येकाखाली पूर्वाचार्यांची एकमेकांना छेद देणारी वचनं शेजारी शेजारी लावली आणि निवाडा मात्र दिला नाही. तो विद्यार्थ्यांनी करायचा होता.

तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, तेही इथेच दिसतं. याच आबेलारला ११२१ साली फ्रान्समधल्या स्वासाँच्या धर्मसभेत स्वतःचा ग्रंथ स्वतःच्या हातानं आगीत टाकावा लागला. १२४२ साली पॅरिसमध्ये तल्मूद या यहुदी धर्मग्रंथाची हस्तलिखितं गाड्या भरभरून आणून जाळली गेली. आणि त्याच शहरात, शतकही उलटलं नसताना, निकोलस ऑफ लिरा हा फ्रान्सिस्कन साधू राशी या यहुदी भाष्यकाराचा आधार घेत संपूर्ण बायबलवर भाष्य लिहीत होता. जाळणारे आणि वाचणारे दोघेही याच परंपरेतले. मला दोघांचाही हिशेब ठेवावा लागतो.

माझा जीव मात्र सर्वांत जास्त गुंततो तो ओरिजेनमध्ये. तिसऱ्या शतकातला हा विद्वान आधी अलेक्झांड्रियाचा, नंतर कैसरियाचा. जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, पाठ नेमका कोणता, हे तपासायला त्यानं सहा रकाने आखले: हिब्रू मूळ, तेच ग्रीक लिपीत, आणि पुढे चार ग्रीक भाषांतरं. संपूर्ण जुना करार, हातानं, असा. श्रद्धेला धक्का लागेल म्हणून पाठभेद झाकायचे, असं त्याच्या मनातही आलं नाही; ते उघड मांडणं हेच त्याला श्रद्धेचं काम वाटलं. अँब्रोज नावाच्या श्रीमंत स्नेह्यानं त्याला लघुलेखक आणि नकलनवीस पुरवले होते. ओरिजेन सांगत जायचा आणि ते आळीपाळीनं उतरवून घ्यायचे. रोमन बादशहा डेशियस यानं ख्रिस्ती लोकांचा जो छळ केला त्यात त्याचे हाल झाले, तरी त्यानं ख्रिस्त सोडला नाही. एवढं करून ५५३च्या धर्मपरिषदेनं त्याचं नाव पाखंड्यांच्या यादीत घातलं. त्याचं ग्रीक लेखन बरंचसं नाहीसं झालं. जे उरलं त्यातलं पुष्कळ लॅटिन भाषांतरातच.

तरी कुणीतरी नकला करत राहिलं. २०१२ साली म्युनिकच्या ग्रंथालयात हस्तलिखितांची सूची करताना मरीना मोलिन प्रादेल यांना बायबलमधल्या स्तोत्रसंहितेवरची २९ ग्रीक प्रवचनं सापडली. ती ओरिजेनचीच, असं अभ्यासकांनी ठरवलं. ही बातमी वाचल्यावर मला किती आनंद झाला होता!

आणि ठरलेल्या उत्तरांबद्दल विचारता, तर उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन आहेच. सत्तरी ओलांडल्यावर त्यानं आपले ९३ ग्रंथ पुन्हा तपासले आणि कुठे काय चुकलं, कुठे आता वेगळं वाटतं, त्याचाच एक ग्रंथ केला. 'या खडकावर मी माझी मंडळी रचीन' हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ख्रिस्ताचं वचन घ्या. पोप स्वतःला ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याचा वारस मानतो, म्हणून त्याच्या अधिकाराचा सगळा वाद पुढे याच वचनावर रंगला. ऑगस्टीन म्हणतो, खडक म्हणजे पेत्र, असं मी पूर्वी लिहिलं होतं. नंतर मात्र खडक म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ मी अनेकदा लावला. या दोहोंतला कोणता अधिक संभवनीय, ते वाचकानं ठरवावं.