ओलांडलेली केरसुणी

लेकीने अटलांटाहून एका लग्नाचा व्हिडिओ पाठवला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न, दोन्ही घरं कृष्णवर्णीय. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. नवरीचा घोळदार झगा त्यांना आवडला, पास्टरचं बोलणं जरा लांबलंच असं वाटलं, आणि चुंबनाच्या वेळी त्यांनी एकदम मेथीत लक्ष घातलं. नेमकं त्याच वेळी एका वयस्कर बाईंनी झाडू आणला. दांड्याला पांढऱ्या साटिनच्या रिबिनी आणि कवड्या बांधलेल्या. तो त्यांनी वधूवरांच्या पायाशी आडवा ठेवला, मंडळींनी एक-दोन-तीन म्हटलं आणि दोघांनी हातात हात घालून टुणकन उडी मारली.

"अगं बाई! केरसुणी ओलांडली!"

मेथीची जुडी ताटाबाहेर गेली. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. आमच्या घरात केरसुणी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत नवी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, दिवेलागणीला तिला हात लावायचा नाही, चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. ओलांडायचं तर नावच नको. आणि इथे ऐन लग्नात, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवत!

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आजीला सांग, त्यांच्याकडे हेच शुभ असतं."

यामागची गोष्ट मी मागे वाचली होती. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या लग्नाला कायदा विचारत नसे. लग्न हा करार, आणि करार माणसांनी करायचा. मालमत्ता कसला करार करणार? नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्यावर, आणि मालकाला पैशांची नड लागली की दोघांतलं कुणीही विकलं जाई. काही लग्नांत तर 'मृत्यू किंवा अंतर तुमची ताटातूट करेपर्यंत' असं म्हणायची पद्धत होती. अंतर म्हणजे लिलाव. मग ना कागद, ना रजिस्टर, घरात हाताशी होता तो झाडू. वेल्समध्ये आणि ब्रिटनमधल्या भटक्या रोमा लोकांतही अशी उडी मारत, त्यामुळे ही प्रथा मूळची कुणाची यावर अभ्यासक भांडतात. भांडोत.

१९३० च्या दशकात अमेरिकी सरकारने लेखकांना पगारावर धाडून, एके काळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या टेम्पी हर्नडन डरहॅम आहेत. तेव्हा त्यांचं वय सांगितलंय १०३. मालकिणीने खिडकीच्या पांढऱ्या जाळीदार पडद्याची नवरीची ओढणी शिवून दिली होती, हातमोजे कोपरापर्यंत. मालकाला थट्टेची लहर आली आणि त्याने दोघांना झाडूवरून उलटी उडी मारायला लावली, कारण घरात कुणाचं चालणार ते त्यावरून कळतं म्हणे. टेम्पीबाई रातकिड्यासारख्या अलगद पलीकडे गेल्या. नवरदेव एक्स्टर जरा जास्त प्यायला होता. त्याचे ते मोठाले पाय झाडूत अडकले आणि स्वारी सपशेल आडवी. आता बायको सांगेल तेव्हाच तोंड उघडायचं, म्हणून मालक हसतोय. १०३ व्या वर्षीही बाईंच्या सांगण्यात ती फुशारकी ताजी आहे. पुढे एका वाक्यात येतं की एक्स्टर दुसऱ्या मालकाचा, त्यामुळे तो फक्त शनिवारी रात्री यायचा. अकरा मुलांपैकी नऊ गुलामगिरीतच जन्मली.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर लोकांनी आधी लग्नाचे कागद केले. झाडूवरची उडी बऱ्याच जणांना नकोशी झाली. ती कोपऱ्यातून बाहेर आली टीव्हीमुळे. जानेवारी १९७७ मध्ये 'रूट्स' ही गुलामांच्या एका घराण्यावरची मालिका सलग आठ रात्री लागली, त्यात झाडूवरून उडी मारून लागलेलं लग्न होतं. आपल्याकडे मालिकेतल्या नायिकेचं मंगळसूत्र महिन्याभरात सराफाच्या काचेत येतं, तसंच झालं. आता रिबिनी लावलेले तयार झाडू विकत मिळतात आणि लग्नानंतर दिवाणखान्याच्या भिंतीवर लागतात.

म्हणून झाडूचं एरवीचं, झाडून काढायचं काम सुटलं असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अपोलो थिएटर आहे. तिथे १९३४ पासून हौशी कलाकारांची रात्र चालते. स्टेजवर येताना झाडाच्या एका बुंध्यावर हात फिरवायचा, कलाकारांना नशीब देणाऱ्या जुन्या झाडाचा तो तुकडा. पण प्रेक्षक बुंध्याला भीक घालत नाहीत. आवडलं नाही की अख्खं थिएटर हुर्यो करतं, आणि सँडमन सिम्स नावाचा टॅप डान्सर कित्येक वर्षं विंगेतून चित्रविचित्र कपड्यांत नाचत येऊन गाणाऱ्याला अक्षरशः झाडून काढायचा. पुढे जॅझची मोठी गायिका झालेली, तेव्हा सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड त्या पहिल्याच वर्षी नाचायला म्हणून तिथे गेली. आधी नाचून गेलेल्या दुसऱ्याच बहिणींचा नाच बघून तिचे पाय गळाले, म्हणून ती गायली आणि जिंकली. पुढे गायिका म्हणून गाजलेल्या लॉरिन हिलवरही तेराव्या वर्षी हुर्यो झाली होती. ती गात राहिली, शेवटी टाळ्या घेऊन गेली.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात कराओके सुरू झालं की मला सिम्स फार आठवतो. तीन तास आम्ही सगळे सुसंस्कृतपणे टाळ्या वाजवतो आणि पुढच्या वर्षी तीच माणसं जास्त गाणी घेऊन येतात.

हे सगळं मी सासूबाईंना माझ्या परीने सांगितलं. लिलावाचं ऐकताना त्यांचा मेथी तोडणारा हात थांबला. एक्स्टर पडला तेव्हा मात्र खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, "लाव गं परत."

परत लावला. एक, दोन, तीन, उडी.

"थांब, थांब. हे बघ, नवऱ्याच्या बुटाची टाच लागली केरसुणीला. त्या पोराला कुणी सांगितलं नसेल."

आणि त्यांनी मेथीचा हात पदराला पुसला, फोनच्या काचेवर त्या झाडूला बोटं लावली आणि त्याच्या वतीने नमस्कार करून टाकला.