दादरचं तिकीट यंत्र आणि मोडल लॉजिक

दादर स्टेशनवर तिकिटाची दोन काल्पनिक यंत्रं आहेत असं समजू. पहिलं कार्ड घेतं आणि मग विचारतं, चर्चगेट की सीएसएमटी? दुसरं कार्ड घेतानाच गुपचूप ठरवून टाकतं की आता फक्त चर्चगेट, किंवा फक्त सीएसएमटी. दोघांच्या नोंदवहीत दिसणाऱ्या क्रमांच्या याद्या तंतोतंत सारख्या. म्हणून नुसते क्रम तपासणारी टेस्टिंग इथे फसते.

फरक पकडायला संगणकशास्त्रज्ञ हेनेसी आणि मिल्नर यांचं मोडल लॉजिक लागतं (१९८०), म्हणजे एखाद्या पायरीनंतर काय शक्य आणि काय अटळ हे सांगणारं लॉजिक. यात ‘अ’ ही कुठलीही कृती, φ हे कुठलंही विधान, आणि ‘सत्य’ हे नेहमी खरं असणारं विधान. ⟨अ⟩φ म्हणजे ‘अ’ची एक तरी पायरी अशी, की तिच्यानंतर φ खरं. [अ]φ म्हणजे ‘अ’च्या प्रत्येक पायरीनंतर φ खरं. आता [कार्ड]⟨चर्चगेट⟩सत्य हे सूत्र पहिल्या यंत्रासाठी खरं, दुसऱ्यासाठी खोटं.

इथे एक खड्डा आहे. बंद पडलेल्या यंत्रालाही हे सूत्र लागू पडतं! कार्डची पायरीच नाही, मग ‘प्रत्येक पायरीनंतर’ची अट आपोआप पाळली जाते. म्हणून सोबत ⟨कार्ड⟩सत्य जोडायचंच. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे यंत्राने कसं वागावं याच्या वर्णनात, या जातीच्या चुका होतात.

आता यंत्रासमोर प्रवासी उभा करा: कार्ड, चर्चगेट, पुन्हा कार्ड, असा अखंड. दोघांचा व्यवहार बाहेरच्यांपासून झाकला की प्रत्येक देवाणघेवाण τ, म्हणजे अंतर्गत पायरी बनते. त्यामुळे कार्डचं नाव घेणारं जुनं सूत्र जोडीवर काही पकडत नाही. τ वापरून ते नव्याने लिहावं लागतं. [τ]⟨τ⟩सत्य इथे दुसरी जोडी नापास होते: कार्ड गेलं, यंत्र सीएसएमटीवर अडलं, प्रवासी चर्चगेटवर. डेडलॉक.

पण हे सूत्र दोनच पायऱ्या बघतं. सूत्रात जितकी खोली, तितकीच नजर. ‘कधीच अडकत नाही’ म्हणायला कोझेनचं म्यू-कॅल्क्युलस (१९८३), म्हणजे स्वतःचाच उल्लेख करणारी सूत्रं लिहू देणारं लॉजिक, हवं: νX.(⟨–⟩सत्य ∧ [–]X), इथे ‘–’ म्हणजे कोणतीही पायरी, ∧ म्हणजे ‘आणि’, X म्हणजे हेच सूत्र पुन्हा; ν त्याचा सर्वांत मोठा अर्थ घेतो, μ सर्वांत लहान. ν ऐवजी μ लिहिलं की अर्थ पार बदलतो, सूत्र कुठेच खरं ठरत नाही.

तपासणी संगणकाकडून करून घ्यायची असेल तर एमसीआरएल२ (mCRL2) हे सॉफ्टवेअर वापरा. मात्र ५ अवस्थांच्या १० प्रक्रिया जोडल्या की ९७,६५,६२५ पर्यंत अवस्था होऊ शकतात. म्हणून आधी प्रत्येक घटक बायसिम्युलेशनने, म्हणजे पायरीपायरीने सारख्या वागणाऱ्या अवस्था एकच मानून, आकसवून घ्यावा, जोडणी नंतर.