चाळिशी उलटल्यावर एकच बाईक ठेवायची तर

आमच्या सोसायटीने ठराव केलाय, एका फ्लॅटला दुचाकीच्या जागा दोनच. त्यातली एक बायकोच्या स्कूटरची, ती काही हलायची नाही, म्हणजे माझ्या वाट्याला उरली एक. आजवर माझं कसं होतं, एक जुनी बाईक ऑफिसला आणि एक जरा दणकट लांब फिरायला, दोघी मिळून सगळं निभवायच्या. आता दोन्ही काढून एकच घ्यायची म्हणजे तिनेच सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तापायचं, शनिवारी ताम्हिणी उतरायचा, दिवाळीत डबलसीट अन सामानासकट गुहागरला जायचं आणि पावसाळ्यात गावच्या पाणंदीतल्या चिखलातही उभं राहायचं.

मित्रांना विचारलं तर सगळ्यांचा सूर एकच, एवढी वर्षं चालवतोयस, आता घे की चांगली मोठी. लोकांना वाटतं अनुभव वाढला की सीसी वाढला पाहिजे. माझं उलटं झालंय राव. आरएक्स १०० वर शिकलो, मग करिझ्मा, मग बुलेट, आणि जसजसं चालवत गेलो तसतसं ब्रोशरमधल्या पीएसच्या, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या, आकड्याकडे लक्ष कमी होत गेलं. कारण तो पीएस वापरायचा कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आपल्याला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, सी लिंकवरही बंदी. म्हणजे जिथे शंभरच्या वर निवांत तासभर बसता येईल असे रस्ते बघून बघून दुचाकीवाल्यांना नको म्हणतात. मुंबईला जायचं तर जुन्या हायवेने खंडाळ्यातून खोपोलीत उतरा. चौपदरीवर बाईकला ८० ची मर्यादा, आणि पुढे सगळा घाट, नाहीतर गोवा हायवेचे डायव्हर्जन आणि खड्डे. तिथे चाळीस पीएस असले काय अन पंचवीस असले काय, पुढचा डंपर बाजूला होईपर्यंत सगळे सारखेच.

मग बघायचं काय, तर वजन. आणि तेही पळताना नाही, उभं असताना. पळत्या गाडीचं वजन जाणवत नाही, दोनशे किलोची गाडीपण साठच्या वेगात फुलासारखी वळते. खरी परीक्षा पार्किंगमध्ये असते, दोन स्कूटर अन एक खांब यांच्यामधून गाडी मागे ओढून काढायची असते तेव्हा. किंवा चढावर यू टर्न घेताना, किंवा दाभोळच्या फेरीवर. दाभोळ-धोपावे फेरी ज्यांनी केलीय त्यांना कळेल, भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, खाली शेवाळ असतं, मागून बोलेरोवाला हॉर्न मारत असतो आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर दोन्ही पाय खाली सोडून लोखंडी फळीवर चढत असता. तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनाची खेच, लागतो थोडा, पण त्याहून जास्त लागतं ते गाडी कलली तर सावरता येण्याइतकं वजन.

शेवटी यादीत तीनच राहिल्या. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हिरोची एक्सपल्स. (ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्सपण दोन दिवस डोक्यात होती, इथे चाकणलाच बनते वगैरे भावना, पण ती मनाने घ्यायची गाडी आहे, मी हिशोबाने घेत होतो.)

एक्सपल्स लगेच बाजूला काढली, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय. साधारण १६० किलो, पुढे २१ इंची अन मागे १८ इंची चाक, सस्पेन्शन असं की खड्डा आला की शोधून त्यात घालावीशी वाटते. एकटा असतो आणि दर रविवारी कुठल्यातरी किल्ल्याच्या पायथ्याला जायचं असतं तर डोळे झाकून घेतली असती. पण २०० सीसीवालीत १९ पीएस, डबलसीट आणि दोन सॅडलबॅग लावून कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे तिच्यावर अन्याय. आता २१० आलीय, लिक्विड कूल्ड, २४.६ पीएस, सहा गिअर, तरुण कोणी विचारलं तर मी तीच सांगेन.

हिमालयनचं मात्र दोन आठवडे डोक्यातून जाईना. ४५२ सीसी, ४० पीएस, ४० न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही ५५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) म्हणजे गिअर न पाडता गाडी चढ खेचते. सस्पेन्शनला दोनशे मिलिमीटरचा ट्रॅव्हल (चाक एवढं वर-खाली होतं), टाकी १७ लिटर. बायको मागे बसली आणि उतरून म्हणाली हीच घे, सीट रुंद आहे. पिलियनच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, बाबतीत हिमालयन सरळ जिंकते, त्यात वाद नाही. पण वजन १९६ किलो. व्ही-स्ट्रॉम १६७. म्हणजे २९ किलोचा फरक, तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं आणि वर चार किलो गूळ, रोज सकाळी पार्किंगमधून ओढून काढायचा. पंचविशीत मी हे वाचून हसलो असतो, आता गुडघा हसू देत नाही.

सीटची उंची मजेशीर आहे. कागदावर हिमालयन बुटकी, ८२५ मिमी पासून, आणि व्ही-स्ट्रॉम ८३५. मी साडेपाच फुटाचा. कागद बघितला तर मी हिमालयनवर बसायला हवं, पण व्ही-स्ट्रॉम हलकी आहे त्यामुळे एक पाय पूर्ण टेकला अन दुसऱ्याचा नुसता चवडा टेकला तरी भीती वाटत नाही. उंची आणि वजन वेगवेगळं वाचू नका, दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे.

टाकीवरून सगळ्यात जास्त वाद झाला. व्ही-स्ट्रॉमची टाकी १२ लिटरची, मित्र म्हणाला लेहला कसा जाणार? मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर तो बोर्ड आहे ना, पुढचा पंप ३६५ किलोमीटर, सगळे तिथे फोटो काढतात. लिटरला तीस-पस्तीस धरले तर १२ लिटरमध्ये ३६० ते ४२० होतात, म्हणजे अगदी काठावर, कॅन बांधावाच लागेल. मान्य. पण त्या एका बोर्डासाठी मी रोज १७ लिटरची टाकी हिंजवडीला न्यायची का? पुण्याहून गुहागरपर्यंत वाटेत पंप मिळत राहतात. लेहला गेलोच तर पाच लिटरचा कॅन बांधू.

टायरचा मुद्दा मात्र मला टाकीपेक्षा मोठा वाटतो आणि त्यावर कोणी बोलतच नाही. व्ही-स्ट्रॉमला अलॉय आणि ट्यूबलेस, पुढे १९ मागे १७. हिमालयन आली तेव्हा स्पोक आणि ट्यूब होती, नंतर ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आला पण त्याला जास्तीचे पैसे. ट्यूबच्या टायरचं पंक्चर म्हणजे चाक खोला, चेन सोडवा, टायर काढा, ट्यूब पाण्यात बुडवा, आणि हे सगळं करणारा माणूस संध्याकाळी सातला वरंध घाटात भेटत नाही. ट्यूबलेसला खिळा उपटला, भोकात रबराची स्ट्रिप मारली, छोट्या पंपाने हवा भरली, निघालो. अलॉय मोठ्या दगडावर आपटलं तर वाकतं किंवा तडकतं, स्पोकचं चाक ओढून सरळ करता येतं, हे खरं आहे. पण मी दगडावर कमी आणि खिळ्यांवर जास्त चालवतो.

मग आला जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या आणि त्याच्या वरच्या सेससकट ३१ वरून थेट ४० वर गेल्या. २४९ सीसीच्या व्ही-स्ट्रॉमवाल्याला लॉटरी आणि ४५२ सीसीच्या हिमालयनवाल्याला चिमटा. मी आधीच कलत होतो, सरकारने धक्का दिला एवढंच.

व्ही-स्ट्रॉमच्या इंजिनाबद्दल थोडं. २४९ सीसी, ऑइल कूल्ड, तेच जे जिक्सर २५० मध्ये आहे. रेडिएटर नाही, कूलंट नाही, दगड उडून जाळी फुटायची काळजी नाही. २६.५ पीएस आहेत पण ते ९३०० आरपीएमला, म्हणजे भरलेल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करायचा तर दोन गिअर पाडून इंजिन ओरडवायला लागणार. बुलेटची सवय असलेल्याला हे सुरुवातीला शिवी दिल्यासारखं वाटतं. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद करता येत नाही, तेही खटकतं, खडीच्या उतारावर कळतं. सस्पेन्शनपण हिमालयनएवढं खोल नाही. हे सगळं माहीत असून घेतोय.

घेणाऱ्यांना एक सांगतो, टेस्ट राईडला एकटे जाऊ नका. एका शोरूममध्ये मला समोरच्या सिग्नलपर्यंत जाऊन यायला सांगितलं, त्यात काय कळणार, हॉर्न वाजतो एवढंच. दुपारी बाराला जा, गर्दीत न्या, घरच्यांना मागे बसवा, आणि परत आल्यावर इंजिन बंद करून गाडी मागे ढकलून स्टँडवर लावून बघा. सेल्समन वैतागतो, वैतागू दे. त्याला असंही विचारा की चिपळूणला सर्विस सेंटर आहे का आणि चेन-स्प्रॉकेट किती दिवसांत मिळतं. उत्तर देताना तो मोबाईल काढतो की नाही त्यावरून बरंच समजतं.

व्ही-स्ट्रॉमचं बुकिंग झालंय, पिवळ्या रंगाचं. बायको अजून सीटवर नाराज आहे, तिच्यासाठी सीटवाल्याकडे फोम बदलून घेणार आणि टॉप बॉक्स लावणार म्हणजे पाठीला टेकाही होईल. मला इंजिनाखालची बॅश प्लेट, हँडगार्ड आणि साईड स्टँडखाली रुंद पट्टी, चिखलात स्टँड रुततो म्हणून. बाकी काही लावायचं नाही, नाहीतर वाचवलेले २९ किलो मीच परत चढवून बसेन.