‘मूल झोपलं की या’: दोन वर्षांच्या लेकाची बेरा तपासणी आणि घरचे खेळ

“मूल झोपलं की या.” ‘बेरा’ या कानाच्या तपासणीच्या खिडकीवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही आठवलं की डोकं तापतं. लेक आता छान बोलतो, रिपोर्टही चांगला आला, तरी तो राग उतरलेला नाही. ज्यांचं मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाहीये आणि ज्यांच्या हातात डॉक्टरांनी नुकतीच ‘बेरा’ लिहिलेली चिठ्ठी ठेवलीय, त्यांना आमच्याइतका त्रास होऊ नये म्हणून हे लिहितेय.

दुसऱ्या वाढदिवसाला आमचा लेक ‘बाबा’, ‘मंमं’, ‘भुर्र’ आणि ‘भू भू’ यापलीकडे फारसं बोलत नव्हता. कळायचं सगळं. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणायचा, हवं त्या डब्याकडे बोट दाखवायचा. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापही उशिराच बोलला होता. सासूबाईंनी वेखंड उगाळायला सहाण काढून ठेवली होती. बालरोगतज्ज्ञांनी मात्र सगळं नीट विचारून घेतलं. बोट दाखवतो का, नजर देतो का, हाकेला ओ देतो का. या वयात साधारण पन्नासेक शब्द आणि ‘बाबा आला’ अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते, त्यामुळे नुसतं वाट बघत बसायला नको, असं म्हणाल्या. वेखंड बंद, आधी कानाची तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. बाकी सगळं एका भेटीत आटपलं. अडलं ते कानापाशी.

“पण त्याला ऐकू येतं की! दार आपटलं तर दचकतो,” असं मीही म्हणाले होते. त्यावर त्यांनी सांगितलेलं सगळ्या पालकांनी ऐकावं असं आहे. दाराचा धाडकन आवाज ऐकू येणं वेगळं आणि ‘स’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज नीट ऐकू येणं वेगळं. थोडंसंच कमी ऐकू येणारं मूल हाकेला वळतं, नाचतं, हसतं आणि बोलण्यातले बरेच आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी असं होऊ शकतं. म्हणून थेरपी सुरू करायच्या आधी कान तपासायचा हा नियम बरोबरच आहे. माझी तक्रार नियमाबद्दल नाही.

बेरामध्ये कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात आणि तो नसेतून पुढे मेंदूपर्यंत पोचतोय का, ते मशीनवर लहरींच्या आलेखात दिसतं. मुलाने काही सांगायची गरज नसते, म्हणून एवढ्या लहानांसाठी ही तपासणी. अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं. ते हललं, रडलं की स्नायूंचे सिग्नल आलेखात मिसळतात आणि काही कळत नाही.

आता दोन वर्षांचं मूल परक्या इमारतीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, ठरलेल्या वेळी गाढ झोपणार कसं? आम्हाला फोनवर सांगितलं, रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, उपाशी आणा. आम्ही अक्षरशः तसंच केलं. राहायला पुण्यात सिंहगड रोडला, रुग्णालय शहराच्या मध्यात. रात्रभर ताटकळलेला लेक राजाराम पुलापाशी रिक्षात पेंगला आणि दांडेकर पुलाच्या सिग्नलला हॉर्नच्या गोंगाटात टक्क जागा झाला. तेवढ्याशा डुलकीने त्याची सगळी झोप पळाली. तिथे पोचलो तर केसपेपर तळमजल्यावर, पैसे भरायचे पलीकडच्या इमारतीत, तपासणी वरच्या मजल्यावर. पोर भुकेने रडतंय, नवरा पावती घेऊन धावतोय आणि खिडकीवरचा माणूस मान वर न करता सांगतोय, “मूल झोपलं की या.”

कुठे झोपवायचं, ते सांगेना. खोली रिकामी नाही, बाहेर लोखंडी बाकडी, शेजारून स्ट्रेचरची ये-जा. खांद्यावर घेऊन मी त्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. लेकाने शेवटी मान टाकली, त्याचा घामेजलेला गाल माझ्या मानेला चिकटला, मी श्वास रोखून खिडकीशी गेले, तर आत दिवा बंद. जेवणाची सुट्टी. सुट्टी संपेपर्यंत तो उठला होता. “पुढची तारीख घ्या.” पुढची तारीख काही आठवड्यांनंतरची.

आमच्या शेजारी सासवडहून एसटीने आलेली एक बाई बसली होती. कडेवर आमच्या लेकाएवढीच मुलगी. ती आदल्या तारखेलाही अशीच परत गेली होती. शेतातली मजुरी बुडवून यायचं, पोरीला उपाशी ठेवायचं आणि संध्याकाळी तसंच परतायचं. तिच्याकडे बघून मला स्वतःपेक्षा जास्त चीड आली. ज्या विभागाचं कामच झोपलेल्या लहान मुलांचं आहे, त्या विभागात मुलांना झोपवायला एक अंधारी खोली असू नये? जेवणाच्या सुट्टीत एक माणूस आळीपाळीने थांबू नये? रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण रांगेतल्या इतर पालकांकडून कळलं की हे दुसरीकडेही होतं.

पुढच्या तारखेला मशीन सर्व्हिसिंगला गेलेलं. फोन नंबर फॉर्मवर लिहून घेतला होता, पण कळवलं कुणीच नाही.

या सगळ्यात एका वयस्कर सिस्टरांनी जे सांगितलं ते खिडकीवर कुणीही सांगू शकलं असतं. “अहो, झोपेचं औषध देणार असतील तरच उपाशी ठेवायचं. तुमच्या कागदावर साधी झोप लिहिलीय. पोटभर जेवू घाला, भरल्या पोटी पोर झोपेल.” म्हणजे आम्ही त्याला विनाकारण उपाशी ठेवत होतो, कारण फोनवर सगळ्यांना एकच सूचना वाचून दाखवतात. तेव्हा तुमच्या चिठ्ठीवर साधी झोप लिहिलीय की औषधाने झोप, हे आधी बघा. औषधाने असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिथेच देतात आणि त्याआधी किती तास दूध, खाणं, पाणी बंद ठेवायचं ते त्यांनाच विचारायचं. घरून औषध पाजून नेऊ नका.

शेवटी जमलं ते असं. सकाळची पहिली वेळ हट्टाने मागून घेतली. केसपेपर आणि पैसे भरायचं काम नवऱ्याने आदल्या दिवशी ऑफिसला जाता जाता उरकलं. निघायच्या आधी मशीन चालू आहे का ते फोन करून विचारलं. रिक्षात सासूबाई दुसऱ्या बाजूला बसल्या आणि त्यांनी वाटभर त्याला बस, गाय, सिग्नल दाखवत जागं ठेवलं. तिथे पोचल्यावर डब्यातला मऊ भात भरवला, त्याची रोजची गोधडी पांघरली आणि तंत्रज्ञ बाईंना म्हटलं, दिवा घालवा, मी इथेच मांडीवर झोपवते. त्या समजूतदार निघाल्या. लेक झोपला, तपासणी पुरती झाली. दोन्ही कान नॉर्मल. मी जिन्यात बसून रडले.

नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “बघ, नॉर्मलच आलं, उगाच दगदग केलीस.” मला ते अजिबात पटत नाही. त्याला आवाज नीट पोचतोय ही खात्री झाल्यावरच मी घरी निवांतपणे खेळू शकले.

आणि खरा मुद्दा इथे आहे. तारखांच्या मधल्या त्या आठवड्यांमध्ये काय करायचं, हे आम्हाला रुग्णालयात कुणी सांगितलं नाही. स्पीच थेरपिस्टकडेही प्रतीक्षा यादी होती, पण त्या बाईंनी फोनवर थोडा वेळ दिला आणि म्हणाल्या, “रिपोर्ट थेरपीसाठी लागतो, खेळायला लागत नाही. आजपासून सुरू करा.”

त्यांनी पहिलं काम सांगितलं ते प्रश्न बंद करायचं. ‘हे काय आहे? बोल ना! काकाला म्हणून दाखव!’ हे घरादाराने थांबवायचं. त्याऐवजी तो जे बघतोय, जे करतोय, ते आपण छोट्या शब्दांत बोलायचं. पोळ्या करताना कणकेचा गोळा त्याच्या हातात. ‘दाब. दाब. गोल! मोठा गोल.’ मटार सोलताना ‘टप, अजून एक, टप’. तो ‘भू भू’ म्हणाला तर आपण ‘भू भू आला’ म्हणायचं, म्हणजे त्याच्याहून एक शब्द पुढे. ‘भू भू नाही, कुत्रा म्हण’ असं अडवायचं नाही. एकाच अर्थाने नेहमी वापरला तर ‘भू भू’ हाही शब्दच धरतात. आपल्या आज्यांनी मंमं, पापा, बाऊ हे शब्द काय उगाच ठेवलेत? ओठ मिटून उघडले की निघणारे प, ब, म हे आवाज बाळांना आधी जमतात, र आणि ळ फार नंतर.

दुसरं, थांबायचं. हे सगळ्यात अवघड. चुरमुऱ्यांची बरणी मी मुद्दाम घट्ट झाकण लावून त्याच्या हाती दिली. त्याने ओढलं, दातांनी प्रयत्न केला, माझ्या मांडीवर आदळली. एरवी मी लगेच उघडून दिली असती. ओठ घट्ट मिटून, भुवया वर करून त्याच्याकडे बघत राहिले. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, असं बाईंनी सांगितलं होतं. त्याने बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “उघ.” मी तत्काळ “उघड!” म्हणून झाकण उघडलं. त्या दिवशी चुरमुरे घरभर झाले आणि सासूबाईंनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. मात्र मूल रडकुंडीला येईपर्यंत ताणायचं नाही. शब्द नाही आला तरी हाताची खूण, नजर, कुठलाही आवाज चालतो, वस्तू द्यायची.

तेच गोष्टीत. सासूबाईंची चिऊकाऊची गोष्ट यासाठी सोन्यासारखी आहे, कारण त्यात तेच ते परत येतं. कावळा दार ठोठावतो, चिऊ म्हणते “थांब…” त्या रोज तिथे अडायच्या आणि त्याच्याकडे बघायच्या. काही रात्रींनी “थां” तिकडून यायला लागलं. नव्या गोष्टी रोज हव्यात असं आपल्याला वाटतं, मुलांना तीच हवी असते.

वाचनाचंही इथूनच सुरू होतं. अ, आ, इचा तक्ता भिंतीवर लावून घोकून घ्यायची या वयात गरज नाही. फोटोंचा अल्बम हे आमचं पहिलं पुस्तक. आजी, काका, बाबाची गाडी. मग अप्पा बळवंत चौकातून आणलेली जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं, कारण पातळ पानं तो फाडायचा. मजकूर पूर्ण वाचायचा अट्टहास नको, तो ज्या चित्रावर थांबेल तिथे थांबायचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, मी काही छापून घेतल्या. ताटात पीठ पसरून बोटाने रेघा मारणं, दुकानाच्या पाटीवर बोट फिरवत नाव वाचणं, पीएमपीच्या बसचा नंबर मोठ्याने म्हणणं, यातूनच त्याला कळलं की त्या काळ्या आकृत्यांना काही अर्थ असतो.

‘शाळा इंग्रजी माध्यमाची घेणार ना, मग आतापासून इंग्रजीच बोला’ हा सल्ला आम्हालाही मिळाला. थेरपिस्टने साफ मोडीत काढला. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं उशिरा येत नाही, आणि आजीशी गप्पा मराठीतच होणार. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेलं त्यांनी सांगितलं: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं उत्तम. स्क्रीन बोलते खरी, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, नोंदणी असलेले लगेच सांगतात. खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीत बोला. राष्ट्रीय बाल आरोग्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतात, बोलण्यातला उशीरही त्यात बघतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांवर पुढचे उपचार होतात तिथे, पाठवतात. सासवडच्या त्या बाईला हे तेव्हा सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मूल आधी बोलत असलेले शब्द विसरायला लागलं, किंवा बोट दाखवत नाही, नजर देत नाही, तर खेळून बघू म्हणत थांबू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

तपासणीच्या दिवसाचं एक राहिलंच. डोकं आदल्या दिवशी धुवा आणि तेल लावू नका. कपाळाला तीट, पावडर, क्रीम काही नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. कानातलं घरीच काढून ठेवा, तिथे काढायला गेलं की पेंगलेलं मूल जागं होतं. सर्दी झाली असेल तर आधी फोन करून विचारा. आणि रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक थेरपिस्टला लागते, एक फाइलमध्ये राहू द्या.