आधी एसएमपीएस, मग प्रोसेसर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. "दादा, गेमिंग आणि एडिटिंगसाठी मशीन असेंबल करायचंय, प्रोसेसर कुठला घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी आधी विचारतो, घर कुठे आहे आणि अर्थिंग कसं आहे?

माझ्या पहिल्या मशीनला कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, होता. जूनच्या सुरुवातीला, गडगडाटाच्या एका रात्री लाईट चारपाचदा आली-गेली. सकाळी एसएमपीएस गेलेला, सोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही. त्या डिस्कवर आजीने म्हटलेली धालोची, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची, गाणी होती. त्यांची दुसरी कॉपी नव्हती, आणि आता आजीही नाही. म्हणून मी या एका वस्तूवर अडून बसतो.

एसएमपीएसच्या खोक्यावरचं '80 प्लस गोल्ड' फक्त कार्यक्षमता सांगतं. व्होल्टेज उसळलं तर तो पुढचे पार्ट वाचवेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आत उघडून तपासलेले रिव्ह्यू वाचा. नवी ग्राफिक्स कार्डं झटक्यात वीज ओढतात. म्हणूनच एसएमपीएससाठीच्या 2022च्या एटीएक्स 3.0 मानकात मोठ्या एसएमपीएसने क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद सोसावा, अशी अट आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स 5090 कार्ड एकटंच 575 वॉटचं, 5070 मात्र 250 वॉटचं. कार्ड आणि प्रोसेसरची बेरीज करा, वर निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) बघू नका, वॉट बघा, खरा भार तेवढाच पेलतो. घरगुती 1000 व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा 600 वॉटच देतो. आणि शक्यतो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या, चांगल्या एसएमपीएसमधल्या अॅक्टिव्ह पीएफसीचं (वीज ओढण्याची पद्धत सुधारणाऱ्या सर्किटचं) स्वस्त यूपीएसशी कधीकधी जमत नाही.

प्रोसेसरचं उत्तर त्यामानाने सोपं. निव्वळ गेमिंगला एएमडीचा रायझन 7 7800एक्स3डी, त्याच्या 96 एमबी एल3 कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) गेममध्ये खरोखर फायदा होतो. एडिटिंग जास्त असेल तर जास्त कोअरचा घ्या. डीडीआर5 रॅमच्या दोनच काड्या लावा आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सपो चालू करा, त्याने रॅम तिच्या छापील वेगावर चालते. कितीतरी जणांची 6000च्या वेगाची रॅम वर्षभर 4800वरच चालत असते.

कॅबिनेट जाळीचं हवं, पुढे फिल्टर हवा. मागे एक पंखा असेल तर पुढे दोन लावा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत शिरेल. गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ आणि किनाऱ्याची खारट दमट हवा, दोन्ही एकत्र पार्टांवर बसली की वाट लागते. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालवा. उबदार राहिलं की ओल धरत नाही.

आता अर्थिंग. पेडण्यात मावसभावाकडे जुनं चिऱ्यांचं घर. नवं मशीन जोडलं, आणि अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. मल्टिमीटरची एक पिन कॅबिनेटच्या स्क्रूला लावली, दुसरी अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला. 104 व्होल्ट! एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रलच्या मधोमध कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसला की 230च्या साधारण निम्मं व्होल्टेज पत्र्यावर दिसतं. प्लगला तीन पिना होत्या, पण भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. विहिरीकडच्या ओलसर जागेत खड्डा काढून कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली, तिथून वायर थेट सॉकेटपर्यंत आणली. संध्याकाळी पुन्हा पिना लावल्या तेव्हा मीटर शून्याच्या जवळ होता. मग भाऊ म्हणाला, "आता सांग, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?"